रिपल्शन : तडकत गेलेल्या मनाची गोष्ट

भयपट म्हटला की काही ठरावीक गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ओसाड हवेली, अमावास्येची रात्र, करकरणारी दारे, मोकळे केस सोडलेली पांढऱ्या वस्त्रातील स्त्री आणि नेमक्या क्षणी कानठळ्या बसवणारे पार्श्वसंगीत. प्रेक्षक दचकतो, किंचाळतो आणि चित्रपट संपल्यावर हसत बाहेर पडतो. रोमन पोलान्स्की यांनी १९६५ साली दिग्दर्शित केलेल्या ‘रिपल्शन’मध्ये यांपैकी काहीही नाही. भूत नाही, शाप नाही, सूडाची गोष्टही नाही. लंडनमधील एक सदनिका आणि तीत एकटी पडलेली एक अबोल तरुणी, एवढ्याच भांडवलावर हा कृष्णधवल चित्रपट १०५ मिनिटे उभा राहतो. तरीही मानसशास्त्रीय भयपटांची चर्चा निघाली की त्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

‘रिपल्शन’ या शब्दाचा अर्थ तिटकारा, किळस. ही किळस नायिकेच्या मनात आहे. ती कशाची आहे आणि कुठून आली, हे चित्रपट शेवटपर्यंत स्पष्ट सांगत नाही. या न सांगण्यातच त्याचे बळ आहे.

बेतलेले काम, स्वतःची वाट

१९३३ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या पोलान्स्की यांचे बालपण पोलंडमधील क्राकूव्ह शहरात गेले. ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी नाझींनी उभारलेल्या तिथल्या वस्तीत त्यांनी लहानपणी दिवस काढले. त्यांची आई आउशवित्झच्या छळछावणीत मारली गेली. पुढे वुच येथील प्रसिद्ध चित्रपट विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १९६२ सालच्या ‘नाइफ इन द वॉटर’ या पहिल्याच पोलिश चित्रपटाने त्यांचे नाव युरोपभर झाले. ‘रिपल्शन’ हा त्यांचा दुसरा चित्रपट आणि इंग्रजीतील पहिला.

त्यासाठी पैसा पुरवला तो लंडनच्या कॉम्प्टन या कंपनीने. ही कंपनी तोवर स्वस्तातल्या, सनसनाटी चित्रपटांसाठी ओळखली जात होती. तिला हवा होता एक भयपट. कमी खर्चाचा आणि गल्ला जमवणारा. पोलान्स्की आणि त्यांचे सहलेखक जेरार ब्राश यांच्या मनात खरे तर दुसरीच कथा घोळत होती. तीवर पुढे १९६६ साली ‘कुल-द-साक’ हा चित्रपट निघाला. मात्र आधी हाती आलेले काम त्यांनी उरकून टाकले नाही. भयपटाच्या मागणीला होकार देऊन त्यांनी त्या चौकटीत एका मनाच्या ऱ्हासाचा वृत्तान्त बसवला.

घटना थोड्या, दिवस लांब

कॅरॉल लडू ही मूळची बेल्जियमची तरुणी. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील एका ब्युटी पार्लरमध्ये ती श्रीमंत, वयस्क स्त्रियांच्या नखांची निगा राखण्याचे काम करते. थोरली बहीण हेलन हिच्यासोबत ती एका जुन्या इमारतीतील सदनिकेत राहते. हेलनचे मायकेल नावाच्या विवाहित पुरुषाशी संबंध आहेत. तो घरी येतो, मुक्काम करतो, न्हाणीघरात कॅरॉलच्या पेल्यात आपला दात घासण्याचा ब्रश ठेवतो. रात्री भिंतीपलीकडून त्या दोघांच्या प्रणयाचे आवाज येतात आणि कॅरॉल उशीत तोंड खुपसून पडून राहते. कॉलिन नावाचा एक सभ्य, देखणा तरुण तिच्या मागे आहे. ती त्याला धड नकारही देत नाही आणि होकारही. त्याने चुंबन घेतले की मात्र घरी जाऊन ती तोंड खसाखसा धुते.

हेलन आणि मायकेल सुटीसाठी इटलीला निघून जातात. मला एकटीला टाकून जाऊ नकोस, अशी कॅरॉल बहिणीची विनवणी करते. पण ती मनावर घेतली जात नाही. यानंतर कॅरॉल त्या सदनिकेत एकटी उरते. कामावर जाणे अनियमित होते आणि मग थांबते. रात्री भिंतीतून तडे जाऊ लागतात. आरशात क्षणभर कुणी पुरुष उभा असल्याचा भास होतो. बंद खोलीत कुणीतरी येऊन बलात्कार करतो, असे तिला रात्रीमागून रात्र वाटत राहते. ज्यांची भीती वाटते ती माणसे भासातली असोत वा दारात उभी असलेली खरीखुरी, तिला त्यांतला फरक कळेनासा होतो. मग दोन पुरुष त्या घरात येतात आणि जिवंत परत जात नाहीत.

कथानक म्हणून सांगायचे तर एवढेच.

संथपणा कशासाठी?

‘रिपल्शन’ प्रथमच पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकाची पहिली तक्रार बहुधा त्याच्या गतीविषयी असेल. पहिली हत्या घडेपर्यंत निम्म्याहून अधिक चित्रपट उलटून गेलेला असतो. तोवर कॅरॉल रस्त्याने चालते, नखे कुरतडते, खिडकीबाहेर पाहत बसते, फुटपाथवरील एका भेगेकडे टक लावून उभी राहते. प्रेक्षकाला वाटते, अजून काही घडलेच नाही.

वस्तुतः घडत सगळे असते. मानसिक पडझड एका रात्रीत होत नाही. ती रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून होते. अंगावरची नसलेली धूळ झटकणे, समोरच्याचे बोलणे ऐकू न येणे, हातातले काम अर्धवट टाकून शून्यात पाहणे. घाईत असलेल्या माणसाला या गोष्टी दिसत नाहीत. चित्रपटाला गती असती तर त्या प्रेक्षकालाही दिसल्या नसत्या. दिग्दर्शक प्रेक्षकाला कॅरॉलच्या शेजारी बसवून ठेवतो आणि तिच्याबरोबर वेळ काढायला लावतो. त्यामुळे पुढे तिला दिसणारे भास प्रेक्षकाला बाहेरून पाहावे लागत नाहीत. ते त्याच्यावरही आदळतात. भिंत खरोखर तडकली की केवळ तिला तसे वाटले, हा प्रश्न पडायच्या आतच तो दचकलेला असतो.

या संथपणाला कालगणनेचीही जोड आहे. हेलनने जेवणासाठी आणलेला सोललेला ससा फ्रीजमध्येच राहतो, कारण ऐनवेळी मायकेल तिला बाहेर जेवायला नेतो. पुढे कॅरॉल तो बाहेर काढते आणि बशीत तसाच विसरते. दिवसागणिक त्याचे मांस कुजत जाते, त्यावर माशा घोंगावू लागतात. ओट्यावरच्या बटाट्यांना कोंब फुटतात. किती दिवस गेले हे सांगणारी पाटी पडद्यावर येत नाही. ते ससा आणि बटाटे सांगतात. त्याच सशाचे मुंडके एकदा कॅरॉलच्या पर्समध्ये तिच्या सहकारी मुलीला दिसते, तेव्हा पडद्यावर कुणी किंचाळलेले नसतानाही अंगावर काटा उभा राहतो.

भिंती, भिंग आणि घड्याळ

छायाचित्रकार गिल्बर्ट टेलर यांचा या परिणामात मोठा वाटा आहे. स्टॅनली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या चित्रपटाचे छायाचित्रण त्यांचेच होते. पुढे १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’चेही. ‘रिपल्शन’मध्ये त्यांनी आणि पोलान्स्की यांनी सदनिकेचा आकारच हळूहळू बदलत नेला. सुरुवातीला हे घर एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे असावे तितकेच आणि तसेच दिसते. चित्रपट पुढे सरकतो तशी अधिकाधिक रुंद कोनाची भिंगे वापरली जातात. स्टुडिओत उभारलेल्या भिंतीही सरकवल्या जातात. परिणामी दिवाणखाना अवाढव्य वाटू लागतो, बोळ लांबत जातो, ओळखीची खोली परकी होते. भिंती मऊ पडतात आणि त्यांतून हात बाहेर येऊन तिला धरू पाहतात, हे दृश्य तर भयपटांच्या इतिहासातील अविस्मरणीय दृश्यांपैकी एक ठरले आहे.

ध्वनीचा वापर त्याहून सूक्ष्म आहे. अमेरिकी जॅझ ढोलवादक चिको हॅमिल्टन यांचे संगीत चित्रपटाला आहे. पण भीती निर्माण करण्याचे काम बहुतांशी साध्या घरगुती आवाजांनी केले आहे. थेंबथेंब गळणारे पाणी, फोनची घंटा, शेजारी कुणीतरी गिरवत असलेले पियानोचे धडे, खिडकीतून दिसणाऱ्या मठातील घंटानाद. बलात्काराच्या भासाची दृश्ये जवळजवळ नि:शब्द आहेत. तेथे तिची किंकाळी ऐकू येत नाही, ऐकू येते ती घड्याळाची टिकटिक. शांततेचा असा उपयोग नेहमीच्या भयपटांना सहसा सुचत नाही.

कॅथरीन दनव्ह यांचे वय त्या वेळी अवघे एकवीस-बावीस वर्षांचे होते. १९६४ सालच्या ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर’ या संगीतपटाने त्यांना प्रेमळ, सोज्वळ नायिकेची प्रतिमा मिळवून दिली होती. येथे त्यांच्या वाट्याला संवाद फार थोडे आले आहेत. हरवलेली नजर, अर्धवट उघडे ओठ, झोपेत चालल्यासारखी चाल आणि नाकावरून वारंवार फिरणारा हात यांतूनच त्यांनी कॅरॉल उभी केली आहे. संपूर्ण चित्रपटात ती एकदाच मोकळेपणाने हसते. पार्लरमधली सहकारी मैत्रीण तिला चार्ली चॅप्लिनच्या चित्रपटातील गमती सांगते तेव्हा. ते दोन क्षण पाहताना जाणवते, की ही मुलगी अजून पूर्णपणे हरवलेली नाही. कुणी हात दिला असता तर कदाचित परतली असती.

सारे पाहतात, कुणालाच दिसत नाही

चित्रपटाची सुरुवात होते ती कॅरॉलच्या डोळ्याने. संपूर्ण पडदा व्यापणारा तो डोळा आणि त्यावरून सरकणारी श्रेयनामावली. चित्रपटभर सगळेच जण तिच्याकडे पाहत असतात. रस्त्याच्या कामावरचा मजूर शेरा मारतो. कॉलिनला ती हवीहवीशी वाटते. भाडे वसूल करायला आलेला घरमालक आधी घराची दुर्दशा पाहून संतापतो आणि मग रात्रीच्या पोशाखातील एकटी तरुणी पाहून त्याची नियत फिरते. पार्लरमधल्या मैत्रिणीला वाटते, हिचे कुठल्यातरी मुलाशी बिनसले असावे. मालकीणबाईंना वाटते, बरे नसेल. मायकेल एकदा हेलनपाशी तिच्या वागण्याविषयी शंका काढतो. पण ती स्वभावानेच हळवी आहे, असे सांगून हेलन विषय मिटवते.

यांतले बहुतेक जण वाईट नाहीत. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ लावला आहे, इतकेच. कॅरॉलचे सौंदर्य सर्वांना दिसते, तिचे भय कुणालाच दिसत नाही. ती देखणी आहे आणि अबोल आहे. अशा मुलीच्या गप्प राहण्याला लाजाळूपणा, शालीनता, फार तर विक्षिप्तपणा म्हटले जाते. आजार कुणी म्हणत नाही. एकलकोंड्या व्यक्तीची खरी शोकांतिका हीच असते. ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची कुणी विचारपूसही करत नाही. शेवटी इमारतीतील शेजारी दारात गर्दी करतात. पण तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. इतके दिवस भिंतीला भिंत लावून राहिलेली ही माणसे त्या घरात प्रथमच डोकावत असतात.

कारण न सांगणारा शेवट

मानसशास्त्रीय भयपटांच्या परंपरेत या चित्रपटाचे स्थान समजून घ्यायचे तर १९६० साली आलेल्या दोन चित्रपटांकडे वळावे लागते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये नॉर्मन बेट्स हा एकाकी तरुण आहे, तर मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’मध्ये कॅमेऱ्याने झपाटलेला मार्क लुईस. दोघेही वरवर सौम्य, भिडस्त आणि आतून पोखरलेले. मात्र दोन्ही चित्रपट आपापले उत्तर देतात. ‘सायको’च्या अखेरीस एक मनोविकारतज्ज्ञ येऊन सारा उलगडा करतो. ‘पीपिंग टॉम’मध्ये वडिलांनी मुलाच्या भीतीवर केलेले प्रयोग कारण म्हणून पुढे येतात. प्रेक्षकाला कारण मिळाले की तो निर्धास्त होतो.

‘रिपल्शन’ हा दिलासा देत नाही. शेवटच्या दृश्यात कॅमेरा विस्कटलेल्या खोलीतून फिरत फिरत एका जुन्या कौटुंबिक छायाचित्रापाशी येऊन थांबतो. सारे कुटुंब कॅमेऱ्याकडे पाहत हसते आहे. मागे उभी असलेली लहानगी कॅरॉल मात्र भलतीकडेच पाहते आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ, मग डोळ्याजवळ जातो आणि चित्रपट संपतो. त्या नजरेत भीती आहे की तिरस्कार, आणि तो कुणाविषयी, याबद्दल समीक्षकांनी अनेक तर्क लढवले. बालपणीच्या अत्याचाराकडे हा संकेत आहे, असे अनेकांचे मत आहे. चित्रपट मात्र गप्प राहतो. एक गोष्ट तेवढी स्पष्ट होते : या मुलीचे काहीतरी बिनसले आहे, हे त्या छायाचित्रातही दिसत होते. ते भिंतीजवळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होते आणि कुणी नीट पाहिले नव्हते.

बर्लिनमधील दोन एकाकी स्त्रिया

१९६५ सालच्या बर्लिन चित्रपट महोत्सवात ‘रिपल्शन’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार म्हणून रौप्य अस्वल मिळाले. त्याच महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे रौप्य अस्वल सत्यजित राय यांना ‘चारुलता’साठी, तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे मधुर जाफरी यांना ‘शेक्सपिअर वाला’साठी मिळाले होते.

‘चारुलता’ आणि ‘रिपल्शन’ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याच्या सुखवस्तू घरातले, दुसरे विसाव्या शतकातील लंडनचे. एक करुण, दुसरे भयंकर. परंतु दोन्हींच्या केंद्रस्थानी घरात एकटी पडलेली स्त्री आहे आणि दोन्ही चित्रपट तिच्या रिकाम्या दुपारी अत्यंत निगुतीने टिपतात. चारुलता दुर्बीण डोळ्याला लावून एका खिडकीतून दुसरीकडे धावते. तिला बाहेरचे जग हवे आहे. कॅरॉलही खिडकीशी उभी असते. तिला बाहेरचे जग आत येईल याची धास्ती आहे. एकाकीपणाची ही दोन टोके एकाच वर्षी एकाच महोत्सवात गौरवली जावीत, हा चित्रपटाच्या इतिहासातील विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

पोलान्स्की यांनी बंद घराचा हा विषय पुढेही सोडला नाही. १९६८ सालचा ‘रोझमेरीज बेबी’ आणि १९७६ सालचा ‘द टेनंट’ हे चित्रपट ‘रिपल्शन’सह त्यांची सदनिकांची त्रयी म्हणून ओळखले जातात. आपल्याकडे राम गोपाल वर्मा यांचा १९९९ सालचा ‘कौन’ घरात एकट्या असलेल्या तरुणीभोवती फिरतो. ऊर्मिला मातोंडकर यांची ती भूमिका आजही आठवते. पवन कृपलानी यांच्या २०१६ सालच्या ‘फोबिया’मध्ये राधिका आपटे यांनी अत्याचारानंतर घराबाहेर पाऊल टाकण्याच्या भीतीने ग्रासलेली तरुणी रंगवली आहे. चार भिंतींतले भय हा विषय मुंबईच्या प्रेक्षकालाही परका राहिलेला नाही.

दोन अस्वस्थ करणारे प्रश्न

‘रिपल्शन’ आज पाहताना दोन प्रश्न टाळता येत नाहीत. पहिला दिग्दर्शकाविषयीचा. १९७७ साली अमेरिकेत एका १३ वर्षांच्या मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा पोलान्स्की यांनी न्यायालयात कबूल केला आणि शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच १९७८ साली ते देश सोडून गेले. २००३ साली ‘द पियानिस्ट’साठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेच २०१८ साली त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. पुरुषाच्या नजरेतील आक्रमकता इतक्या नेमकेपणाने पडद्यावर आणणाऱ्या दिग्दर्शकाचे स्वतःचे वर्तन असे असावे, ही विसंगती चित्रपटावर सावलीसारखी पडते. चित्रपट पाहावा की पाहू नये, याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे. पण ही माहिती बाजूला ठेवून त्याची थोरवी गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरा प्रश्न मनोरुग्णांच्या चित्रणाविषयीचा. मानसिक आजार म्हणजे हिंसा, हे समीकरण ‘सायको’पासून चित्रपटांनी इतके रूढ केले, की एकलकोंड्या शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवयच लागली. वास्तवात गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. ‘रिपल्शन’ही या दोषातून पूर्णपणे सुटत नाही, अखेर तोही नायिकेच्या हाती वस्तरा देतो. तरीही एक फरक आहे. कॅरॉल कुणाच्या मागावर जात नाही. ती दार बंद करून बसते. एक जण दार तोडून आत येतो, दुसरा किल्लीने उघडून. तिच्या हातून घडते ते भयंकर असते, पण ते भयापोटी घडते, आणि प्रेक्षकाची सहानुभूती शेवटपर्यंत तिला सोडून जात नाही.

चित्रपट प्रदर्शित होऊन सहा दशके लोटली आहेत. दरम्यान शहरे वाढली, इमारती उंच झाल्या आणि एकट्याने राहणाऱ्यांची घरे ही नवलाची गोष्ट राहिली नाही. अशा घराचे दार दोन-चार दिवस उघडलेच नाही, दूधवाल्याने वाजवलेल्या बेलला उत्तर आले नाही, कामावरून कुणाचा फोन उचलला गेला नाही, तर त्याची दखल कोण घेते? १९६५ सालच्या लंडनमध्ये ती कुणी घेतली नाही. भिंतीतून येणारे हात हा भास होता. दाराबाहेरची बेपर्वाई खरी होती. ‘रिपल्शन’ची भीती चित्रपट संपल्यावरही उरते, ती याच कारणाने.